खोलीपासून रस्त्यापर्यंत : मॉन्ट्रियलच्या रात्रींचा इतिहास

ऑगस्ट 2018 मधली गोष्ट. शाळेतून येऊन चहा घेत बसलो होतो आणि व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. लांबच लांब रस्ता, एकही गाडी नाही, दोन्ही कडांना खुर्च्या टाकून बसलेली माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर नजर पोहोचेल तिथपर्यंत रंगीत प्लास्टिकच्या गोळ्यांच्या माळा. खाली मजकूर होता : "सर, अस्सलामु अलैकुम. ओळखलंत का? मी मॉन्ट्रियलला शिकतोय. हा इथला समलिंगी लोकांचा मोहल्ला. उन्हाळ्यात असाच सजतो. सर, तुमच्याकडे माझं एक उत्तर बाकी आहे."

मी ओळखलं. कोणतं उत्तर, तेही आठवलं.

अकरावीला मीर तकी मीरची गझल शिकवत होतो. उर्दू गझलेतला महबूब व्याकरणाने पुल्लिंगी असतो. तो येतो, तो रुसतो, तो निघून जातो. या मुलाने हात वर केला आणि विचारलं, "सर, शायर पुरुष आणि महबूबही पुरुष. असं का?" मागच्या बाकांवर हशा पिकला. कुणीतरी त्याला एक नाव ठेवलं. ते नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी टेबलावर डस्टर आपटलं आणि म्हणालो, "ही उर्दू शायरीची रिवायत आहे. लिहून घ्या." बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की विद्यार्थ्याचा प्रश्न हे पाठाचं यश समजावं. मी मात्र प्रश्न मिटवला. तो मुलगा वर्षभर पुन्हा काही विचारायला उठला नाही.

त्याच संध्याकाळी त्याने दुसरा संदेश पाठवला. "सलीम किदवई साहेबांना पोलिसांनी पकडलं ती गल्ली इथून मेट्रोने पाच स्टेशनांवर आहे."

सलीम किदवई हे नाव मला परकं नव्हतं. लखनौचे, दिल्लीच्या रामजस कॉलेजात मध्ययुगीन इतिहास शिकवणारे. मलिका पुखराज यांच्या उर्दू आत्मकथनाचा आणि कुर्रतुलऐन हैदर यांच्या कादंबऱ्यांचा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला. उर्दू शिकवणाऱ्याला हे माहीत असतं. त्यांना पोलिसांनी पकडलं होतं, हे मात्र मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी या शहराच्या रात्रींबद्दल जमेल तसं वाचत गेलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

नाचायची परवानगी

मॉन्ट्रियल हे कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातलं, फ्रेंच बोलणारं शहर. हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो. आपल्याकडे मे महिना कधी संपतो याची वाट पाहतात, तिथे जून कधी येतो याची. उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा. त्यामुळे संध्याकाळी घरात थांबायला कुणी राजी नसतं, आणि उत्सव, नाचगाणं, मिरवणुका, सगळं याच दिवसांत उरकून घेतलं जातं.

रात्रीच्या जीवनासाठी हे शहर आधीपासून प्रसिद्ध. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती. सीमेपलीकडून माणसं दारू आणि गाण्याबजावण्यासाठी मॉन्ट्रियलला येत. पुढे 1954 मध्ये शहराची 'सफाई' करण्याचं वचन देऊन जाँ द्रापो महापौर झाले. मधला काही काळ सोडला तर 1986 पर्यंत शहर त्यांच्याच हाती होतं.

या रात्रींमध्ये समलिंगी माणसंही होती. ठरावीक बारमध्ये ती जमत. शेजारी बसायला, प्यायला, गाणं ऐकायला हरकत नसे. दोन पुरुषांनी एकत्र नाचायचं मात्र नाही. हा दंडक पहिल्यांदा मोडल्याचं श्रेय आर्मां मन्रो या कॅबरे कलाकाराला दिलं जातं. 1958 च्या ऑगस्टमध्ये त्याचा वाढदिवस होता. तो ज्या बारमध्ये कार्यक्रम करायचा, तिथल्या मालकांकडे त्याने भेट म्हणून एवढंच मागितलं की आज पुरुषांना पुरुषांबरोबर नाचू द्या. परवानगी मिळाली.

बायकांच्या जागा वेगळ्या आणि कमी होत्या. पुढे 'बेबी फेस' नावाची डिस्को डेनिस कॅसिडी या बाईंनी चालवली, आणि शहरातल्या बायकांना बायकांबरोबर नाचायला एक हक्काचं ठिकाण मिळालं.

मग कायदा बदलला. न्यायमंत्री असताना पिएर त्रुदो यांनी मांडलेली सुधारणा 1969 मध्ये, ते पंतप्रधान असताना मंजूर झाली. समलिंगी संबंध आता गुन्हा राहिला नाही. पण अटी नीट वाचायला हव्यात. माणसं दोनच हवीत, दोघांचंही वय 21 च्या पुढे हवं आणि जागा खासगी हवी. तिसरा माणूस हजर असला की जागा खासगी उरत नाही. म्हणजे कायद्याने खोली दिली. बार, नाचघर, रस्ता दिला नाही. चार माणसांनी एकत्र यायचं म्हटलं की पोलिसांच्या हातात जुनी कलमं होतीच.

1976 च्या ऑलिम्पिकआधी ती कलमं जोरात वापरली गेली. पाहुणे येणार म्हणून शहर आवरायचं होतं. 1975 पासूनच बारवर आणि सार्वजनिक स्नानगृहांवर धाडी पडू लागल्या. मे 1976 मध्ये नेपच्यून नावाच्या एका ठिकाणाहून 89 जणांना उचललं. पाहुणे येणार म्हणून झोपडपट्टीपुढे पडदे लावणारी शहरं आपण पाहिली आहेत, त्यामुळे ही रीत ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही.

स्टॅनले स्ट्रीटवरची रात्र

21 ऑक्टोबर 1977 च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, स्टॅनले स्ट्रीटवरच्या 'ट्रक्स' आणि 'ल मिस्तिक' या बारमध्ये पोलीस शिरले. सुमारे 50 जण, अंगात गोळीरोधक जाकिटं, काहींच्या हातात मशीनगन. एखादी बँक लुटणारी टोळी आत असावी असा बंदोबस्त. आतली माणसं नाचत होती, पीत होती. 146 पुरुषांना अटक झाली. तासन्‌तास कोठडीत कोंबून ठेवलं. त्यांची सक्तीने गुप्तरोगाची तपासणी केली. बहुतेकांवर आरोप होता 'कुंटणखान्यात आढळल्याचा'. तिथे शरीराचा सौदा कुणी करत नव्हतं, पण कायद्याच्या व्याख्येत 'अशिष्ट वर्तन' होणारी जागाही कुंटणखान्यातच मोडत होती.

त्या 146 जणांत मॅकगिल विद्यापीठात शिकायला आलेले सलीम किदवई होते. वय 26. परक्या देशात, परक्या भाषेच्या पोलीस ठाण्यात, विद्यार्थी म्हणून राहणाऱ्या माणसावर असा गुन्हा दाखल होणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

इथे माझ्या वाचकांपैकी काहीजण थांबून विचारतील की मास्तर, तुम्ही मुसलमान असून हे कशाला लिहिता? मी मुफ्ती नाही. हलाल-हरामचा निवाडा करायला मी बसलेलो नाही आणि कुणी मला तो अधिकारही दिलेला नाही. पण लहानपणी मदरशात ऐकलेली हजरत उमर यांची एक रिवायत मला या धाडीच्या वर्णनाशी आठवत राहिली. खलिफा असताना रात्रीच्या गस्तीत त्यांना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले आणि आतल्या माणसाला त्यांनी गुन्हा करताना धरलं. तो म्हणाला, माझा गुन्हा एक आहे, तुमचे तीन झाले. टेहळणीला कुरआनात मनाई आहे, तुम्ही टेहळणी केलीत. दारातून यायला सांगितलंय, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामाशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, तुम्ही शिरलात. हजरत उमर माघारी फिरले. आमच्या मौलवी साहेबांनी ही गोष्ट दुसऱ्याच्या ऐबांवर पांघरूण घालावं हे सांगण्यासाठी सांगितली होती. तो माणूस काय करत होता यावर त्यांनी एक शब्द खर्च केला नव्हता.

मॉन्ट्रियलला माघारी कुणी फिरलं नाही. पण दुसऱ्या रात्री जे झालं ते पोलिसांच्या हिशोबात नव्हतं. सुमारे 2,000 माणसं सेंट कॅथरीन आणि स्टॅनलेच्या चौकात उतरली आणि त्यांनी वाहतूक बंद पाडली. पोलिसांनी मोटारसायकली घातल्या, लाठ्या चालवल्या. माणसं हलली नाहीत. त्या काळी बारमध्ये जाताना मागे वळून बघणारी, ओळखीचं कुणी दिसलं तर रस्ता बदलणारी ही माणसं त्या रात्री चौकात उभी राहिली, दिव्याखाली, तोंड न लपवता.

पंचावन्न दिवसांच्या आत, 15 डिसेंबर 1977 रोजी, रेने लेवेक यांच्या सरकारच्या काळात क्यूबेकने आपल्या मानवी हक्कांच्या सनदेत दुरुस्ती केली. लैंगिक कल पाहून नोकरीत, घर देण्यात, सेवा पुरवण्यात भेदभाव करता येणार नाही. कॅनडात असं करणारा हा पहिला प्रांत. अटक झालेल्यांचे खटले मात्र त्यानंतरही रेंगाळत राहिले.

जुलैमधली एक पहाट

सनद बदलली म्हणून पोलीस बदलले असं झालं नाही. 1984 च्या जूनमध्ये 'बड्स' नावाच्या बारमधून पुन्हा पावणेदोनशेहून अधिक माणसं उचलली गेली. स्टॅनले स्ट्रीटवरची ठिकाणं एकेक करून मिटत गेली आणि वस्ती पूर्वेला, सेंट कॅथरीन स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला सरकली. हा गिरणी-कारखान्यांच्या कामगारांचा, फ्रेंच बोलणाऱ्यांचा गरीब भाग. भाडी कमी होती. बार आले, मग हॉटेलं, मग राहायला माणसं. या भागाला लोक 'व्हिलेज' म्हणू लागले. फोटोतला रस्ता तो हाच.

पण ही एड्सचीही वर्षं होती. मार्च 1989 मध्ये जो रोझ या 23 वर्षांच्या कार्यकर्त्याला रात्री बसमध्ये पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं. कारण काय, तर त्याचे गुलाबी रंगवलेले केस. त्याला एड्स होता आणि तो एड्सग्रस्तांसाठी काम करायचा. त्याच वर्षी जूनमध्ये एड्सवरची जागतिक परिषद मॉन्ट्रियलला भरली, तेव्हा आंदोलक थेट व्यासपीठावर चढले. रुग्णांना वगळून रुग्णांबद्दल बोलू नका, हे त्यांचं म्हणणं होतं.

आणि मग 15 जुलै 1990 ची पहाट. जुन्या शहरातल्या एका गोदामवजा जागेत 'सेक्स गराज' नावाची पार्टी चालू होती. सुमारे 400 माणसं. नाव भडक असलं तरी चाललं होतं ते नाच आणि संगीत. पोलिसांनी पार्टी थांबवली. माणसं बाहेर रस्त्यावर आली तर समोर रांग लावून उभे असलेले पोलीस, आणि कित्येकांनी छातीवरचे बिल्ले काढून ठेवलेले. मग लाठीमार.

यावेळी एक गोष्ट वेगळी होती. गर्दीत लिंडा डॉन हॅमंड ही छायाचित्रकार होती. तिने फोटो काढले आणि फिल्म वाचवली. शहरातल्या वर्तमानपत्रांत ते फोटो छापून आले. 1977 मध्ये पोलिसांनी सांगितलेली हकिगत आणि अटक झालेल्यांनी सांगितलेली हकिगत यांत लोकांना निवड करावी लागली होती. 1990 मध्ये लाठी कुणाच्या हातात आहे ते घरबसल्या दिसलं. पुढच्याच दिवशी ठाण्यासमोर ठिय्या देणाऱ्यांना पुन्हा मार बसला, पुन्हा अटका झाल्या. पण फ्रेंच बोलणारे आणि इंग्रजी बोलणारे, पुरुष आणि बायका, जे एरवी वेगवेगळ्या बारमध्ये बसत, ते या मारानंतर एका बैठकीत बसू लागले.

उन्हाळ्याचा उत्सव

त्या बैठकांतून निघालेल्या कामाचं फळ 1993 मध्ये दिसलं. सुझान जिरार आणि प्वेलो डेअर यांनी 'दिव्हेर-सिते' नावाचा उत्सव सुरू केला. पहिल्या वर्षी काही हजार माणसं चालली. काही वर्षांत हा आकडा लाखांच्या घरात गेला. जुलैची अखेर आणि ऑगस्टची सुरुवात हा या उत्सवाचा हंगाम ठरला.

मला यातला सर्वांत मोठा बदल आकड्यांचा वाटत नाही. पूर्वी पार्टी म्हणजे तळघर, बंद दार, तिकीट. आता ती मैदानात आली, आणि तीही फुकट. माडो लामोत नावाने स्त्रीवेषात मंचावर येणाऱ्या कलाकाराने 'मास्कारा' नावाचा कार्यक्रम उभा केला, स्त्रीवेषधारी कलाकारांची एक अख्खी रात्र. हा कार्यक्रम होई एमिली गामलँ चौकात. एमिली गामलँ ही एकोणिसाव्या शतकात गरिबांची सेवा करणारी जोगीण, तिचा पुतळा त्या चौकाजवळ आहे. कार्यक्रमाला आजूबाजूच्या वस्तीतले म्हातारे, लेकुरवाळे, रस्त्याने जाणारे, सगळे थांबत. आपल्याकडे तमाशात नाच्या पाहायला गाव बसायचं, त्याची आठवण मला हे वाचताना झाली.

2008 पासून उन्हाळ्यात सेंट कॅथरीन स्ट्रीटचा हा भाग गाड्यांना बंद होऊ लागला. 2011 मध्ये क्लोद कॉर्मिए या रचनाकाराने साधारण किलोमीटरभर रस्त्यावर गुलाबी गोळ्यांच्या माळा टांगल्या. 2017 मध्ये त्या इंद्रधनुष्याच्या रंगांच्या झाल्या आणि 2019 नंतर उतरल्या. माझ्याकडे आलेला फोटो त्या मधल्या काळातला.

सगळं गोडच झालं असं लिहिलं तर तो इतिहास होणार नाही. उत्सव मोठा झाला तसे प्रायोजक आले, कठडे आले, मोठे मंच आले. मिरवणूक 2007 पासूनच 'फिएर्ते मॉन्ट्रियल' या संस्थेकडे गेली होती, आणि 'दिव्हेर-सिते' 2014 नंतर बंद पडला. बायकांचे म्हणून जे बार होते ते बंद पडत गेले. आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये तर मिरवणुकीच्या दिवशी सकाळी मिरवणूकच रद्द करावी लागली, कारण बंदोबस्ताला पुरेशी माणसं नव्हती. ज्यांच्या मागे एकेकाळी मशीनगन घेऊन पोलीस यायचे, त्यांची मिरवणूक बंदोबस्ताअभावी थांबली. काही माणसं तरीही जमली आणि चालली. कठडे नव्हते, प्रायोजकांच्या गाड्या नव्हत्या. 1977 च्या चौकात उभं राहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला ते चालणं जास्त ओळखीचं वाटलं असेल.

माझा विद्यार्थी सांगत होता की त्या गर्दीत त्याला अरबी बोलणारी मुलं भेटली. लेबनॉनमधून सुरू झालेल्या 'हेलेम' नावाच्या संघटनेची मॉन्ट्रियल शाखा आहे. हेलेम म्हणजे स्वप्न. "सर, ईदला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो," तो म्हणाला. घरी त्याने हे सांगितलेलं नाही. मला का सांगितलं, ते मी विचारलं नाही.

औरंगाबादचा सुभेदार

सलीम किदवई मॉन्ट्रियलहून भारतात परतले. 1993 मध्ये त्यांनी कॉलेजची नोकरी सोडली. त्यानंतर रूथ वनिता यांच्याबरोबर त्यांनी एक ग्रंथ सिद्ध केला, जो 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय साहित्यातल्या आणि इतिहासातल्या समलिंगी प्रेमाच्या नोंदी त्यात एकत्र केल्या आहेत, संस्कृतपासून फारसी-उर्दूपर्यंत. फारसी-उर्दूचा मोठा भार किदवईंनी उचलला. ज्या माणसाला 'तू इथे का आढळलास?' असं एका ठाण्यात विचारलं गेलं होतं, त्याने शेकडो वर्षांच्या हस्तलिखितांतून असे 'आढळलेले' लोक शोधून काढले.

त्यातली एक नोंद माझ्या शहराशी जोडलेली आहे. नवाब दरगाह कुली खान हे पहिल्या निजामाच्या पदरचे सरदार. 1738 ते 1741 या काळात ते निजामासोबत दिल्लीत होते. नादिरशहाने दिल्ली कापली तेही याच काळात. तिथे त्यांनी फारसीत जे टिपण केलं ते 'मुरक्का-ए-दिल्ली' म्हणून ओळखलं जातं. त्यात उरूस आहेत, आठवडाभर चालणारा वसंतोत्सव आहे, चांदनी चौकातली संध्याकाळ आहे, नूरबाईसारख्या गायिका आहेत. आणि त्याच ओघात, आवाज न चढवता, देखण्या तरुणांवर जीव टाकणारे आझम खान यांच्यासारखे अमीर आहेत, मिर्झा मन्नूंच्या मैफली आहेत, भर चौकात नाचणारी मुलं आहेत. हेच दरगाह कुली खान पुढे औरंगाबादचे सुभेदार झाले. मी या शहरात वीसेक वर्षं उर्दू शिकवतो. कबरी, दरवाजे, पाणचक्की दाखवायला मुलांना घेऊन जातो. हे पुस्तक मला कुणी वाचायला सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

तो फोटो आला त्यानंतर महिनाभरात, 6 सप्टेंबर 2018 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी कलम 377 मधून सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. मी त्याला फोन केला. तो आनंदात होता, पण म्हणाला, "सर, हे आमचं 1969 आहे." म्हणजे खोली मिळाली. मुंबईत 2008 च्या ऑगस्टमध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून क्वीअर आझादी मोर्चा निघाला होता, तेव्हा कायदा विरोधात होता. 2020 मध्ये कायदा बाजूने होता, पण त्याच मैदानातून मोर्चा काढायची परवानगी पोलिसांनी नाकारली. तो काय म्हणत होता ते मला तेव्हा नीट कळलं.

30 ऑगस्ट 2021 ला सलीम किदवईंचं लखनौत निधन झालं. मी बातमी त्याला पाठवली. त्याने 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' लिहिलं आणि स्टॅनले स्ट्रीटचा एक फोटो पाठवला. साधी गल्ली, दुकानं, पार्क केलेल्या गाड्या.

अकरावीला मी अजून मीर शिकवतो. महबूब पुल्लिंगी का, हा प्रश्न आता मी स्वतःच फळ्यावर लिहितो आणि मला माहीत आहेत ती सगळी उत्तरं सांगतो. फारसीत लिंगभेद नाही, तिथून ही पद्धत आली. बाईचं नाव चारचौघांत घेऊ नये हा संकोच होता. सूफींच्या लेखी महबूब म्हणजे खुदा. आणि चौथं, काही वेळा तो खरोखरच पुरुष होता, आणि मीरच्या काळच्या लोकांना ते माहीत होतं. चौथ्या उत्तराला अजूनही मागच्या बाकांवर हशा होतो. मी डस्टर आपटत नाही. हशा संपेपर्यंत थांबतो आणि विचारतो, कुणाला काही विचारायचं आहे का?